यंत्राचा मुख्यकाल आणि गौणकाल

धर्मशास्त्रानें नित्यकर्मास मुख्यकाल सांगितला, आणि तो टळल्यास गौणकालाचीहि सोय ठेविली. संध्येची वेळ चुकली तर प्रायश्चित्तार्घ्य देऊन ती मागाहून करतां येते. गणकयंत्राकडून नित्याचीं कामें करवून घेणाऱ्या गृहस्थानें हा भेद अवश्य ध्यानांत ठेवावा.

युनिक्स आणि तिच्याच वळणाची लिनक्स या प्रणालींत असलीं कामें ‘क्रॉन’ नांवाचा सेवक करतो. हें नांव कालवाचक ग्रीक शब्दावरून आलें; १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तींत हा सेवक होता. त्याच्या कोष्टकांतील प्रत्येक ओळ म्हणजे एक छोटें पंचांगच होय. मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार हीं तिचीं पांच अंगें. त्यांपुढें करावयाच्या कामाची आज्ञा. जें अंग कोणतेंहि चालेल तेथें तारका घालावयाची. ‘३० २ * * *’ म्हणजे रोज रात्रीं अडीच वाजतां.

येथें एक खांच आहे. सोमवती अमावास्या म्हणजे सोमवार व अमावास्या यांचा योग, हें आपल्या घरांतील मुलेंहि जाणतात. क्रॉनला मात्र असा योग कळत नाहीं. एक तारीख आणि सोमवार हीं दोन्ही अंगें भरलीं, तर तो प्रत्येक एक तारखेस काम करील आणि प्रत्येक सोमवारींहि करील!

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. क्रॉन केवळ मुख्यकाल जाणतो. आमच्या नवापुरासारख्या गांवीं घरचें यंत्र निजण्यापूर्वीं बंद होतें. मग जमाखर्चाची व दिवंगत वडील माणसांच्या छायाचित्रांची दुसरी प्रत रात्रीं अडीच वाजतां कोण काढणार? सकाळीं यंत्र सुरू झालें तरी हा सेवक राहिलेलें काम करीत नाहीं, कीं त्याबद्दल चकार शब्द काढीत नाहीं. मूळ तबकडी बिघडेल त्या दिवशींच प्रत नसल्याचें समजावयाचें.

अशा घरांसाठीं ‘अ‍ॅनाक्रॉन’ योग्य. काम शेवटीं कोणत्या दिवशीं झालें याची तो नोंद ठेवतो, आणि नेमलेले दिवस उलटले असल्यास यंत्र सुरू झाल्यावर तें उरकतो. तो तास-मिनिटें मोजीत नाहीं, दिवस मोजतो. घरच्या कामास तेवढें पुरे.

तथापि सेवक ठेविला म्हणून धन्याची जबाबदारी सरत नाहीं. महिन्यांतून एकदां ती प्रत स्वतः उघडून पाहावी. वेळ पाळली गेली एवढ्यानें कर्म सांग झालें असें होत नाहीं.