वैमानिकाचीं पत्रें आणि आमची अनास्था

१८९८ सालीं वि. का. राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि १७५० ते १७६१ या काळांतील अस्सल पत्रें महाराष्ट्रापुढें आलीं. त्यांचा आम्हां सर्वांस रास्त अभिमान आहे. परंतु दुसऱ्या महायुद्धांत अंबाल्याच्या वैमानिक शाळेंतून एखाद्या मुलानें वऱ्हाडच्या सीमेवरील धाडसारख्या गांवीं घरीं लिहिलेलें पत्र रद्दींत घालतांना हा अभिमान कोठें जातो, असा आमचा सुशिक्षित कुटुंबांस सवाल आहे.

यावर ठराविक उत्तर मिळतें: 'ती परक्या सरकारची चाकरी, तिचें कौतुक कसलें?' हा आक्षेप आम्हांस लटका वाटतो. १९४२ सालीं कित्येक तरुण 'चले जाव' म्हणून तुरुंगांत गेले. त्याच काळांत दुसरे सरकारी विमानांत कां बसले, हें त्यांच्या हातच्या पत्रांवांचून कळावें कसें? शिवाय १९३२ सालीं परक्या सरकारनेंच स्थापिलेलें हवाई दल १९४७ सालीं काश्मीरच्या रक्षणास धांवलें. १९४० सालीं त्यांत शिरलेले मुंबईचे हृषीकेश मुळगांवकर १९७६ सालीं त्याचे प्रमुख झाले. तेव्हां ती विद्या परकी राहिली कोठें?

दुसरा आक्षेप असा, कीं 'मी खुशाल आहे, काळजी नसावी' यापलीकडे त्या पत्रांत असतें काय? असणार कसें? सैन्याच्या हालचाली घरीं कळविण्यास सेन्सॉरची बंदी होती, आणि आईला धोका कळविण्यास मनाची. शिकाऊ 'टायगर मॉथ' प्रथमच एकट्यानें उडविणाऱ्या मुलानें घरीं जेवणाची आणि थंडीचीच हकीकत लिहिली, तरी त्या न लिहिलेल्या ओळींतही त्या पिढीचा इतिहास आहे.

पहिल्या महायुद्धांत फ्रान्समधील हिंदी शिपायांचीं पत्रें सेन्सॉरनें उघडलीं व त्यांतील उतारे इंग्रजींत उतरवून ठेवले. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. डेव्हिड ओमिसी यांनीं १९९९ सालीं त्यांतील निवडक पत्रें छापलीं. आमच्या माणसांचें मन आम्हीं परभाषेंत वाचावें, याहून नामुष्की ती कोणती?

म्हणून आमची मागणी साधी आहे. धाड असो वा पुणें, माळ्यावरच्या पेटींत असें पत्र सांपडल्यास तें जाळूं नका. लिहिणाऱ्याचें नांव, नातें व तारीख टिपून ठेवा. एक नक्कल जवळच्या वाचनालयांत द्या. परक्यानें संशयापोटीं जें जपलें, तें घरच्यांनीं आळसापोटीं गमवावें, हें आम्हांस शोभत नाहीं.