फूल हुंगा, मेणबत्ती फुंका

पोरगं सात वर्षांचं. दुसरीतलं. दिवसभर दप्तर पाठीवरून उतरवत नाही. खुर्चीच्या कडेला अर्धवट टेकतं, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. सप्टेंबर महिना, बाहेर ऊन रणरणतंय. मी म्हटलं, "अरे काढ ते, उकडतंय." तर म्हणतो, "मिस, पळायला लागलं तर?"

कॅलिफोर्नियात कर्न काउंटी म्हणून मुलूख आहे. संत्री, द्राक्षं, बदाम. खुडणारे हात मेक्सिकोचे, ग्वाटेमालाचे. त्यांच्या पोरांच्या एका प्राथमिक शाळेत मी मदतनीस आहे. मास्तरीण नव्हे. पेन्सिलींना टोक करणारी, नाकं पुसणारी, पोटात दुखतंय म्हणणाऱ्याला ऑफिसात नेऊन बसवणारी. औरंगाबादच्या वस्तीतनं मी इथवर कशी पोचले ते पुराण पुन्हा कधीतरी. आज ह्या पोराला शाळेनं काय औषध दिलं ते सांगायचंय.

शाळेत समुपदेशक बाई आहे. सातशे पोरांमागं एकटी, तीही आठवड्यातनं अडीच दिवस, उरलेले अडीच दुसऱ्या शाळेत. त्यांच्याच राष्ट्रीय संघटनेचं म्हणणं आहे की अडीचशे पोरांमागं एक हवी. बाई वाईट नाही, थकलेली आहे. तिनं पोराला भिंतीवरचा तक्ता दाखवला. हसरं तोंड, रडकं तोंड, रागावलेलं तोंड. तुझं कोणतं? मग श्वास शिकवला. नाकानं फूल हुंग. तोंडानं मेणबत्ती फुंक. पाच वेळा. पोरानं शहाण्यासारखं पाच वेळा केलं. दप्तर पाठीवरच.

फॉर्मवर लिहिलं गेलं: चिंता. वर्गात लक्ष नाही.

माझं भांडण ह्या फॉर्मशी आहे. कारण चिंता हा पोराचा रोग ठरला, की पुढचं सगळं पोराकडनं करून घ्यायचं. त्यानं श्वास घ्यायचा, त्यानं सावरायचं, त्यानं तोंड ओळखायचं. ज्यांनी ही भीती गावात आणून सोडली ते फॉर्मवर कुठंच नाहीत. त्यांच्यासाठी रकानाच नाही.

तो रकाना मी भरते. ७ जानेवारी २०२५. ट्रम्पची शपथ अजून व्हायची होती, बायडनच गादीवर होता. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्यातले काही शहाणे समजतात की एक माणूस गेला की सगळं निवळेल. ओबामाच्या सरकारनं २०१२ च्या एका वर्षात चार लाखांवर माणसं देशाबाहेर काढली होती, हे ते विसरतात. तर त्या दिवशी मेक्सिकोच्या सीमेवरचे बॉर्डर पेट्रोलवाले शेकडो मैल वर चढून आमच्या काउंटीत आले. दुकानांची पार्किंगं, पेट्रोलपंप, शेताकडं जाणारे रस्ते. कातडी बघून गाड्या थांबवल्या. काही दिवसांत ७८ माणसं धरली. गुन्हेगार पकडतोय म्हणाले. मग पत्रकारांनी त्यांच्याच नोंदी काढल्या, तर ७८ पैकी ७७ जणांची धरायच्या आधी त्यांना कसलीही माहिती नव्हती. एप्रिलमध्ये फेडरल कोर्टानं असल्या धरपकडीला मनाई केली. तोवर पोरांनी जे बघायचं ते बघितलं होतं.

स्टॅनफर्डच्या थॉमस डी ह्या अभ्यासकानं सेंट्रल व्हॅलीतल्या पाच शाळा-जिल्ह्यांची हजेरी तपासली. त्या जानेवारी-फेब्रुवारीत गैरहजेरी २२ टक्क्यांनी वाढलेली. आणि त्यात जास्त बारकी पोरं.

२० जानेवारीला शपथ झाली. शाळा, दवाखाने, चर्च इथं धरपकड करू नये असा जुना दंडक होता, तो सरकारनं लगोलग काढून टाकला. ७ एप्रिलला लॉस एंजेलिसच्या दोन प्राथमिक शाळांच्या दारात फेडरल एजंट हजर. पोरांना भेटायचंय म्हणे, घरच्यांची परवानगी आहे म्हणे. मुख्याध्यापकांनी आत घेतलं नाही. शाळांच्या वरिष्ठांनी जाहीर सांगितलं, घरच्यांनी परवानगी दिलेलीच नव्हती. पोरं पहिली ते सहावीतली.

आता सांगा, दप्तर न उतरवणाऱ्या पोराचं काय चुकलं? त्याला गाव बरोबर कळलंय. फॉर्म भरणाऱ्यांपेक्षा जास्त कळलंय.

मला हे ओळखीचं आहे. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाडा पेटला, तेव्हा मी तिसरीत. माझ्या बापाला रात्री पोलिसांनी उचललं. सकाळी आईनं मला शाळेत धाडलं, घरी ठेवायची भीती म्हणून. पाढा म्हणताना मी अडकले. गुरुजी म्हणाले, "बाप जेलात गेला म्हणून सातचा पाढा बदलतो काय गं?" वर्ग हसला. इथं कुणी हसत नाही. इथं मायेनं विचारतात, रंगीत तक्ता दाखवतात. पण टोमणा असो की माया, बोट पोराकडंच.

आणि तक्ते दाखवायला तरी माणसं ठेवायची की नाही? मे २०२२ मध्ये टेक्सासच्या युवाल्डीत एका बंदुकवाल्यानं शाळेत १९ पोरं आणि दोन शिक्षिका मारल्या. तेव्हा कायदा झाला, शाळांत समुपदेशक नेमायला आणि घडवायला पैसा आला. एप्रिल २०२५ मध्ये शिक्षण खात्यानं त्यातले सुमारे १०० कोटी डॉलर थांबवले. कारण काय, तर नेमणुका करताना वंश-वर्ण बघितला जातो. म्हणजे ज्या पोराची आई स्पॅनिश बोलते त्याला स्पॅनिश बोलणारी बाई मिळावी, हा ह्यांच्या लेखी पक्षपात! सोळा राज्यं कोर्टात गेली, कोर्टानं सरकारविरुद्ध हुकूम दिला. पण नोकरीवरनं उठलेली बाई कोर्टाच्या हुकुमानं दुसऱ्या दिवशी परत येऊन बसत नसते. एका हातानं गाड्या धाडायच्या, दुसऱ्या हातानं मलमपट्टीवाल्याचा पगार कापायचा. साली ही कसली व्यवस्था?

आमचे देशी लोकही ऐका. गणपतीच्या आरतीनंतर ताटं हातात घेऊन म्हणतात, "आम्ही रांगेतनं आलो. त्यांनी पण यावं." कसली रांग? तुमच्या आजोबांनी इंग्रजी शाळेत बाक पटकावला तेव्हापासनं तुमची रांग सुरू झाली, आमचा आजा तेव्हा शाळेच्या बाहेर होता. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं. १०४ भारतीय, मोठ्यांच्या हातापायात बेड्या. त्यात तिघे महाराष्ट्राचे. त्या आठवड्याला आरतीनंतर कुणी रांगेचं नाव काढलं नाही. पुढच्या आठवड्याला पुन्हा काढलं.

कुणी म्हणेल, मग काय समुपदेशकच नको? असं मी म्हटलेलं नाही. हव्यात. दुप्पट हव्यात, स्पॅनिश येणाऱ्या हव्यात, शेतावरच्या कित्येकांची भाषा मिश्तेको आहे, ती समजणाऱ्या हव्यात. पण श्वासाच्या आधी दार. न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट वेगळं आणि खात्यानं स्वतःच सही ठोकलेला कागद वेगळा, हे शाळेच्या शिपायापासनं सगळ्यांना पाठ पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियानं न्यायाधीशाच्या वॉरंटाशिवाय शाळेच्या आत घ्यायचं नाही असा कायदा केला. बरं झालं. पण पोरगं शाळेत राहत नाही, ते शाळेत येतं आणि घरी जातं. बसथांब्यावर मोठं माणूस उभं करा. आईबाप धरले गेले तर पोर कुणी सांभाळायचं त्याचं प्रतिज्ञापत्र असतं, ते संध्याकाळी शाळेतच बसून भरून घ्या. भीतीनं घरी राहिलेल्या पोराच्या घरी गैरहजेरीची धमकीपत्रं पाठवू नका. १९८२ मध्ये ह्यांच्याच सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलंय की कागद नसलेल्या पोरालाही फुकट शाळेचा हक्क आहे. हक्क आहे ना? मग त्या बाकापर्यंतची वाट कुणाची जबाबदारी?

ह्याच राज्यात, ओकलंडला, १९६९ च्या जानेवारीत ब्लॅक पँथरवाल्यांनी एका चर्चमध्ये शाळेच्या आधी पोरांना फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली. ज्यांच्या नावावरनं मुंबईत १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं, तेच. भुकेलं पोर शिकत नाही म्हणून त्यांनी भुकेचा तक्ता लावला नाही. अंडी तळली.

आता माझं. त्या पोराला मी एक दिवस म्हटलं होतं, "काही होणार नाही रे, मी आहे ना." माझ्या तोडक्या स्पॅनिशमध्ये. कशाच्या जोरावर म्हटलं? ऑक्टोबरात पहाटे कामावर जाताना त्याच्या बापाला रस्त्यात धरलं. शाळेचं दार कायद्यानं बंद होतं, पण बाप रस्त्यावर होता.

पोरगं चार दिवस आलं नाही. पाचव्या दिवशी आलं आणि आल्या आल्या दप्तर काढून खुंटीला अडकवलं. जाकीट पण. फॉर्मवर लिहिलं गेलं: सुधारणा.

माझ्याशी ते महिनाभर बोललं नाही. पेन्सिल पुढं करायचं, टोक करून घ्यायचं, बघायचं नाही.

नोव्हेंबरात त्याची आई ऑफिसात आली. तातडीच्या वेळी पोर कुणाकडं सोपवायचं त्याचं कार्ड बदलायला. बापाचं नाव खोडलं. खाली मावशीचं लिहिलं, मग शेजारणीचं, मग माझ्याकडं बघितलं. ऑफिसातली बाई म्हणाली, शाळेच्या नोकरानं विद्यार्थ्याच्या कार्डावर नाव द्यायचं नसतं. वर विचारावं लागेल. मी म्हटलं, विचारा. आणि आईला नाव सांगितलं. तिनं ऐकलं तसं लिहिलं, स्पेलिंग चुकलंय. फोन नंबर बरोबर आहे. वरून अजून उत्तर आलेलं नाही.