जामीनदार आणा!

दोन जामीनदार आणा म्हणतात. साधेसुधे चालत नाहीत, मालमत्तावाले पाहिजेत. सातबारा दाखवा, घराचा उतारा दाखवा, नाहीतर पक्की सरकारी नोकरी दाखवा. आणि हे कुणाला सांगतात? ज्यांच्याकडं यातलं काहीच नाही म्हणून शिष्यवृत्ती काढली, त्यांनाच. ज्या टाळक्यातून हा नियम निघाला त्याला आपला लाल सलाम.

मी गोदीत कंत्राटी हमाल. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो, पण तिला अजून कुणी जामीनदार मागितलेला नाही. राहतो वरसाव्याला, खाडीपुलाच्या अलीकडं. धाकटी बहीण बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिच्या डोक्यात परदेश शिरलाय. शिरणारच. आपल्या वस्तीत घराघरात बाबासाहेबांचा कोटातला फोटो आहे. तो कोट कुठून आला ते पोरांना सांगायचं, आणि पोरगी म्हणाली मी पण जाते, तर तोंडाचा आ वासायचा. असला भंपकपणा आम्ही बंद केलाय.

वरसावे नाक्यावर या एकदा रात्री. न्हावा-शेव्याचे कंटेनर घोडबंदर रोडनं येतात, पुलावर चढतात, गुजरातकडं जातात. तिकडचे इकडं येतात. जुना पूल पुरेना म्हणून 2023 ला नवीन बांधला. मालासाठी पूल बांधतात. अडकलेल्या मालाचं डेमरेज चढतं, तेव्हा मालकापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांची झोप उडते. आमची पोरं वर्षानुवर्षं कागदात अडकून पडलीत, त्यांचं डेमरेज कुणावर चढतंय? कुणावरच नाही. बापावर चढतंय.

कागदांचंच बघा. जातीचा दाखला पाहिजे, तर 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा पाहिजे. आजाचा शाळेचा दाखला आणा. आमचा आजा खेड तालुक्यातला, शाळेच्या पायरीवर त्याला कुणी उभं केलं नाही. म्हणजे आजाला शाळेत घेतलं नाही याचा दंड नातीनं भरायचा! वर एका टेबलावरचा साहेब विचारतो, "बौद्ध लिहिलंय, मग एससी कसे?" बौद्धांना अनुसूचित जातीत धरायचा कायदा 1990 सालचा. टेबलामागं बसलेल्याला तो अजून पोचलेला नाही.

मग पैसा. आयईएलटीएस नावाची इंग्रजीची परीक्षा, तिची फी सतरा-अठरा हजार. मला एका पाळीचे आठशे मिळतात. बावीस पाळ्या वाहिल्या की बहिणीनं तीन तासांत सिद्ध करायचं की तिला इंग्रजी येतं. पासपोर्टचे पंधराशे वेगळे. अमेरिकेतल्या एकेका विद्यापीठाच्या अर्जाचे सहा-सात हजार वेगळे, आणि शहाणे म्हणतात पाच-सहा ठिकाणी तरी टाक. प्राध्यापकाचं शिफारसपत्र लागतं. दोन महिने पाठीमागं फिरल्यावर प्राध्यापक म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो. हा सगळा खर्च शिष्यवृत्ती मिळायच्या आधीचा. केंद्राच्या शिष्यवृत्तीला तर विद्यापीठाचं बिनशर्त प्रवेशपत्र आधी लागतं. म्हणजे पैसे आहेत असं दाखवलं की पैसे मिळणार. पोहता येतं त्यालाच दोर टाकायचा, असला हा धंदा.

आणि जागा किती? केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती, 125 जागा, त्यातल्या 115 अनुसूचित जातींना. 2011 च्या जनगणनेत देशभरात आपण वीस कोटी. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, तिच्या 75. आता एवढ्या तरी नीट द्याव्यात? 2025 च्या जुलैत केंद्रानं 106 पोरं निवडली आणि पत्रं दिली चाळीसांना. बाकीच्यांना सांगितलं, पैसे आले तर बघू. पोरांनी तिकडं प्रवेश घेतलेला, सप्टेंबरात वर्ग सुरू होणार, आणि इकडं सरकार खिसे चाचपतंय. पेपरात बोंब झाली तेव्हा लोकांना कळलं.

राज्य सरकारची तऱ्हा त्याहून न्यारी. परदेशी शिष्यवृत्तीला 75 टक्के गुणांची अट लावली. पोरांनी रान उठवलं, तेव्हा 2024 ला मागं घेतली. गुणवत्ता पाहिजे म्हणे! अरे, बाबासाहेबांना मॅट्रिकला 750 पैकी 282 होते. टक्के तुम्हीच काढा. तुमच्या यादीत त्या पोराचं नावसुद्धा आलं नसतं, आणि मग देशाची घटना कुणाकडून लिहून घेतली असती?

1913 ला सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना साडेअकरा पौंड दिले. 4 जूनला करार झाला, दहा वर्षं बडोद्याची चाकरी लिहून घेतली, आणि जुलैत ते न्यूयॉर्कला उतरले. फेब्रुवारीत सुभेदार वारले होते. घरात कमावतं कोण होतं? राजा होता म्हणून झालं, असं म्हणून आपण हात जोडतो. पण मला राजाचं कौतुक बाजूला ठेवून तारखा बघायच्यात. जूनला सही, जुलैला बोट संपून न्यूयॉर्क. संस्थानातला कारभार महिना-दीड महिन्यात उरकला. प्रजासत्ताकातली फाईल वर्षभर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकते. आणि 1917 ला मुदत संपल्यावर लंडनचं शिक्षण अर्धं टाकून परतावं लागलंच ना? नोकरी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार उसने घेतले, तेव्हा 1920 ला पुन्हा बोटीत बसता आलं. इकडं रमाईनं काय भोगलं ते वेगळं सांगायला नको. हे सगळं पुढच्या पोरांच्या वाट्याला येऊ नये म्हणून 1942 ला व्हाइसरॉयसमोर गाऱ्हाणी मांडताना त्यांनी परदेशी शिक्षणासाठी सरकारकडं पैसे मागितले. हक्क म्हणून मागितले. भीक म्हणून नाही.

आता खरी मेख. बहिणीला शिकायचाय गोदीतल्या हमालांचा इतिहास. कोकणातून आलेले आपले लोक धक्क्यावर कसे लागले, मुकादमाच्या हाताखाली कसे राबले, कुणाच्या पाठी मोडल्या. हे कुणी लिहिलेलं नाही असं नाही, पण ज्यांच्या पाठी मोडल्या त्यांच्या लेकींनी लिहिलेलं कुठंय? तर केंद्रानं 2022 ला नियम काढला की भारताची संस्कृती, वारसा, इतिहास, समाज यांवरच्या संशोधनाला ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. कळलं का? यंत्रं शिका, औषधं शिका, कारखाने चालवायला शिका. पण तुम्हाला कुणी, का आणि कसं तुडवलं ते मात्र तिकडं जाऊन शिकू नका. 9 मे 1916 ला कोलंबियात गोल्डनवायझरांच्या वर्गात बाबासाहेबांनी जातीवर निबंध वाचला. आजच्या नियमात तो निबंध बसत नाही. बडोद्याच्या राजाला जी भीती वाटली नाही ती दिल्लीच्या सरकारला वाटते.

जिथं बाबासाहेब 1921-22 ला राहिले ते लंडनचं घर महाराष्ट्र सरकारनं 2015 ला विकत घेतलं. चांगलं केलं. आमच्यातले पुढारी तिथं जाऊन फोटो काढून आले. एकालाही विचारा, बाबा रे, नियमातलं ते कलम वाचलंस का? जयंतीला डीजे लावायला वर्गणी निघते, आयईएलटीएसच्या फीला निघत नाही. हे मी आपल्याच माणसांना बोलतोय, आणि पुन्हा बोलणार.

काही पांढरपेशे मित्र शहाणपण शिकवतात, तिकडं गेली की सुटली, तिकडं जात नाही. नाही कशी? 2023 च्या फेब्रुवारीत सिअॅटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला, तो काय उगाच? कॅलिफोर्नियात तसंच विधेयक विधिमंडळात पास झालं, ऑक्टोबरात गव्हर्नरनं अडवलं. अडवा म्हणून सांगायला कोण गेलं होतं ते आडनावांवरून ओळखा. बहीण सुटायला चाललेली नाही. ती शिकायला चाललीय आणि परत येणार आहे. न येणारीला दोष देणारा मी कोण, पण ती येणार म्हणते.

तर जामीनदार रद्द करा. परीक्षेची, अर्जाची फी आधी द्या. निकाल विद्यापीठांच्या तारखा धरून लावा. ते 2022 चं कलम फाडून टाका. यासाठी मोर्चा निघेल तेव्हा निघेल. तोवर एक काम आहे. ज्यांचे अर्ज अडलेत त्यांनी तोंडी नकार घेऊन परत फिरू नका. साहेब म्हणाला बसत नाही, तर म्हणा लिहून द्या, खाली सही करा, तारीख टाका. पोच घ्या. त्या कागदाची झेरॉक्स मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. पुढच्या अंकात साहेबाच्या हुद्द्यासकट छापू. बहिणीचा पहिला नकार आमच्याकडं आलाय, शिक्का जरा पुसट आहे, पण वाचता येतो.