नाव गळते तेव्हा

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातून एखादे कुटुंब ग्वारीघाटावर जाते, पलीकडच्या गुरुद्वाऱ्यासाठी नावेत बसते. पायाशी पाणी साचलेले दिसताच मुले घाबरतात, आईही चरकते. पण गळणारी प्रत्येक नाव फुटकीच असते असे नाही. काठावर उन्हात पडून राहिलेल्या लाकडी नावेच्या फळ्या सुकून आकसतात आणि सांधे उघडतात.

जाणकार एकमेकांना सांगतात ते असे : आधी नाव रिकामीच उथळ पाण्यात बांधून ठेवा. एक-दोन दिवसांत लाकूड फुगून बऱ्याच फटी मिटतात. कोरड्या फटी गच्च भरल्या, तर फुगणाऱ्या फळ्या खिळ्यांवर ताण आणतात. तरीही पाणी येईल तिथे खूण करून नाव बाहेर काढावी, सूत ठासून वर डांबर लावावे.

मोटरबोट असेल तर हंगाम संपताच कार्बोरेटरमधले पेट्रोल काढून टाकावे. राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर बसतो आणि इंजिन ऐन प्रवाहात दगा देऊ शकते.

आणि प्रवाशांनी? नाव पाण्यात कधी उतरवली, लाइफ जॅकेट आहेत का, हे खुशाल विचारावे. चांगल्या नावाड्याला अशा प्रश्नांचा राग येत नाही.