फरशीचा भाव आणि घराचा हिशेब

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. सुरतेहून धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, घरात नवी फरशी टाकायची म्हणतो. अठरा-एकोणीस हजारांत काम होईल. तू दोन दिवस ये, पसंतीला बाईमाणूस पाहिजे." मी म्हटले, येते. मनात मात्र पाल चुकचुकली. तीन खोल्यांची फरशी एकोणीस हजारांत? हा हिशेब कोणी केला असेल?

भावाचे घर गोडादऱ्यात आहे. आपल्या नंदुरबार, शहादा, दोंडाईचा, अमळनेर भागातल्या घराघरांतले कुणी ना कुणी लिंबायत, डिंडोली, नवागाम, गोडादरा या पट्ट्यात आहे, त्यामुळे तुम्हाला वेगळे सांगायला नको. उधन्याला उतरले की रिक्षात बसेपर्यंत चार जण अहिराणीत बोलताना ऐकू येतात. भाऊ लूम्सवर कामाला गेला तेव्हा मिसरूड नुकते फुटले होते. आता साडीच्या मार्केटात नोकरी करतो. १९९७ साली त्याने ही बारा फूट रुंदीची रो-हाउस बांधली. पुढे हॉल, मध्ये एक खोली, मागे स्वयंपाकघर. सगळीकडे हिरवट निळी कोटा फरशी. यंदा भाचीसाठी स्थळे बघायला सुरुवात झाली आहे आणि पाहुणे यायच्या आत घर चकाचक करावे, असे भावजयीच्या मनात होते. त्यात काही चूक नाही. हॉलची फरशी खरोखर खचली होती. सोफ्याचा एक पाय अधांतरी राहायचा, त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली.

पहिल्याच दिवशी आम्ही टाइल्सच्या दुकानात गेलो. दुकानदार गोड बोलणारा. "बेन, फूटना पिस्तालीस," म्हणाला. आरशासारखी चकाकणारी, दोन फूट बाय दोन फुटाची व्हिट्रिफाइड टाइल. भावाने इथेच हिशेब केला होता. हॉल १८० चौरस फूट, मधली खोली १२०, स्वयंपाकघर १२०, एकूण ४२०. त्याला ४५ने गुणले की १८,९०० रुपये. गुणाकार बरोबर, पण हिशेब चूक. मैत्रिणींनो, आपल्यापैकी बहुतेकांचे इथेच फसते. दुकानातला भाव हा टाइलचा भाव असतो, फरशीचा नव्हे.

रात्री जेवणे झाल्यावर मी भाचीची वही घेतली आणि एकेक कलम मांडायला बसले. तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून ते इथे देते. भाव आम्हाला गोडादऱ्यात त्या वेळी मिळाले ते आहेत, तुमच्या गावी थोडे मागेपुढे होतील. पण कलमे तीच राहतात.

पहिले कलम टाइलचेच. दोन बाय दोनच्या एका खोक्यात चार टाइल्स असतात. बोलताना दुकानदार 'सोळा फूट' म्हणतो, पण ही टाइल असते ६०० मिलिमीटरची. दोन फुटांना ती थोडी कमी भरते. म्हणून खोके भरते १.४४ चौरस मीटर, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. शिवाय कापाकापीत काही टाइल्स वाया जातात, त्यासाठी आठ-दहा टक्के जास्त घ्याव्या लागतात. ४२० फुटांसाठी तीस खोकी झाली. भिंतीच्या कडेने चार इंची स्कर्टिंग लागते, ती साधारण १२५ फूट निघाली, तिच्यासाठी आणखी तीन खोकी. तेहतीस खोक्यांचे झाले २३,०१७ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण २७,१६०. टाइल घरी पोचायच्या आधीच एकोणीसचे सत्तावीस झाले.

पुढे मजुरी. टाइल बसवण्याचे फुटाला २० रुपये, म्हणजे ८,४००. स्कर्टिंगचे १५ रुपये फुटाने १,८७५. जुनी फरशी उखडण्याचे १० रुपये फुटाने ४,२००. उखडलेला मलबा घराबाहेर पडला की आपोआप नाहीसा होत नाही. दोन ट्रॅक्टर भरून न्यायचे ३,०००.

मग माल. दोन इंच जाडीचा मसाला धरला तर शंभर चौरस फुटांना साधारण तीन पोती सिमेंट लागते. तेरा पोत्यांचे ४,५५०. रेती पाऊण ब्रासच्या वर, वाहतुकीसह ४,०००. टाइल्सचा टेम्पो आणि हमाली १,८००. सांधे भरायचा ग्राउट, मधल्या फटीसाठीचे स्पेसर, शेवटची साफसफाई १,५००. तीन दारांखाली ग्रॅनाइटची पट्टी २,१००. फरशी वर आली की दारे घासतात, ती सुताराकडून तासून घ्यायचे ९००.

बेरीज आली ५९,४८५. म्हणजे फुटाला १४१ रुपये. पंचेचाळीसची टाइल तिप्पट भावाने घरात बसत होती.

भाऊ गप्प बसला. त्याच्याकडे होते पंचवीस हजार. उरलेले तो कारखान्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडून शेकडा तीन रुपये महिन्याने घेणार होता. म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. पुढे मुलीचे लग्न उभे. मला काय बोलावे ते सुचेना.

तेवढ्यात एका ठेकेदाराने सोपी वाट सांगितली होती, ती भावजयीला आठवली. जुनी फरशी उखडूच नका, तिच्यावरच चिकटद्रव्याने नवी टाइल चिकटवून देतो. उखडणे, मलबा, रेती सगळे वाचेल. ही पद्धत खोटी नाही. खालची फरशी घट्ट आणि सपाट असेल तर तसे काम चांगले होते. पण फरशी अर्ध्या-पाऊण इंचाने वर येते, न्हाणीच्या उंबऱ्याचा उतार उलटा होतो का ते पाहावे लागते, आणि मुख्य म्हणजे खालची जमीन भक्कम पाहिजे.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सोसायटीत काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या राजस्थानी मिस्त्रीला बोलावले. तो आत आला आणि काही न बोलता काठीने फरशी ठोकत फिरला. हॉलमध्ये आवाज आला पोकळ, भोपळ्यावर टिचकी मारल्यासारखा. मधल्या खोलीत आणि स्वयंपाकघरात मात्र टणक. तो म्हणाला, खाली माती बसली आहे, इथे वरून काहीही चिकटवले तरी एका पावसाळ्यात तडकेल. भावाने ड्रेनेजची लाइन कुठून गेली आहे ते सांगितले. हॉलच्या खालूनच. पाइपचा सांधा गळत असणार आणि पाण्याबरोबर भरणीची माती वाहून जात असणार, असा त्याचा अंदाज. तो पुढे खराही निघाला. सुरतेची माती काळी, पाणी पिऊन फुगणारी आणि सुकली की आकसणारी. त्यात खाडीकाठच्या या भागाला पाण्याची सवय आहे. २००६च्या ऑगस्टमधला तापीचा पूर तर सगळ्यांना आठवतो, पण जून २०२५मध्येही खाड्यांचे पाणी लिंबायत-पर्वत पाटियाच्या बाजूला चढले होतेच. अशा ठिकाणी टाइल आधी न पाहता तिच्याखालची जमीन आधी पाहावी.

आई इतका वेळ पलंगावर बसून ऐकत होती. तिचे वय आता ऐंशीच्या घरात. ती म्हणाली, "मधली खोली आणि रांधणीखोलीनी फरशीले काय झायं? ती चांगली शे ना?" मग स्वतःच उठली, भिंतीला धरून मधल्या खोलीत गेली आणि पायाचा तळवा फरशीवर घासला. ही फरशी आली तेव्हा ट्रकमधून उतरवायला मजूर लावायचे पैसे नव्हते. आई, भाऊ आणि शेजारची दोन माणसे, अशा चौघांनी ती आत वाहिली होती. मी तेव्हा माझ्या संसारात, मला हे माहीतही नव्हते.

वाचकहो, कोटा हा राजस्थानातला चुनखडीचा दगड. कोटा जिल्ह्यातल्या रामगंज मंडीच्या आसपासच्या खाणींतून तो येतो. आपल्याकडे पूर्वी कर्नाटकातली शहाबादी फरशी होती, तिचाच हा भाऊबंद. टाइलवर रंग आणि चकाकी वरच्या थरात असते, तो थर झिजला की संपले. दगड मात्र आतून-बाहेरून एकच. वरचा मळलेला, ओरखडलेला थर मशीनने घासून काढला की खालून नवी फरशी निघते. मिस्त्रीने पॉलिशचा भाव सांगितला फुटाला २२ रुपये. दोन्ही खोल्यांचे २४० फूट, म्हणजे ५,२८०.

भावजय थोडी हिरमुसली. तिला सगळे घर एकसारखे हवे होते, शोरूममधल्यासारखे. आई एवढेच म्हणाली, "घर शे हाई, हाटेल नही." मग मी माझी गोष्ट सांगितली. ती सांगायची मला लाज वाटते, पण आज तुम्हालाही सांगते. माझ्या नंदुरबारच्या घरात मी हौसेने अशीच आरसा फरशी बसवली होती. दोन वर्षांपूर्वी आई माझ्याकडे राहायला आली, फरशीवर पेल्याभर पाणी सांडले होते ते कुणाला दिसलेच नाही. आई घसरली आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवडे हात गळ्यात. अजूनही तिला त्या हाताने भाकरी थापता येत नाही. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. पण फरशी निवडताना मी चमक पाहिली होती, घरात चालणारे पाय पाहिले नव्हते.

भावजयीने दुसऱ्या दिवशी स्वतःच दुकानदाराला मॅट टाइल दाखवायला सांगितले. फुटाला पाच रुपये महाग, ५०ची. खोक्यावर घसरणीची खूण पाहिली, आर-१० लिहिलेली. ओली करून त्यावर अनवाणी उभी राहून पाहिली. दुकानदार हसला, पण थांबला.

शेवटी फक्त हॉल उखडला. पाइपचा सांधा बदलायचे १,२०० गेले. खड्डा भरून, धुमसून, त्यावर खडीचा थर आणि कोबा केला. हा खर्च माझ्या ५९ हजारांच्या यादीत धरलेलाच नव्हता, हे लक्षात घ्या. एवढे करूनही हॉलची नवी फरशी आणि दोन खोल्यांचे पॉलिश धरून सगळा खर्च सदतीस हजार आठशेच्या आसपास झाला. पंचवीस भावाकडे होते, उरलेले भावाने आणि मी मिळून घातले. व्याजाचे पैसे घ्यावे लागले नाहीत. हॉलमधून निघालेल्या धड फरश्यांतून मिस्त्रीने मागच्या दारी कपडे धुवायचा ओटा करून दिला.

आता तुमच्यासाठी थोडे.

टाइलचा भाव विचाराल तेव्हा लगेच 'बसवून किती' हेही विचारा. उखडणे, मलबा, स्कर्टिंग, पट्ट्या, दारे, हमाली ही सहा नावे कागदावर लिहूनच मिस्त्रीशी बोला. मजुरी फुटावर ठरवली तर काम झाल्यावर दोघांसमोर टेप लावून मोजा. सगळी खोकी एकाच बॅचची घ्या, नाहीतर रंगात फरक पडतो. चार-सहा टाइल्स माळ्यावर ठेवा, पाच वर्षांनी तीच टाइल बाजारात मिळत नाही. भिंतीची सिरॅमिक टाइल स्वस्त पडते म्हणून जमिनीला लावू नका, ती पाणी पिते आणि वजनाने तडकते. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी शोषत नाही, म्हणून ती जमिनीला चालते. देशातल्या बहुतेक टाइल्स सौराष्ट्रातल्या मोरबीहून येतात. २०१९मध्ये हरित लवादाने तिथल्या कोळशाच्या गॅसिफायरवर बंदी घातल्यापासून भट्ट्यांचे गणित गॅसच्या भावाशी बांधलेले आहे, म्हणून मागच्या वर्षीचा भाव यंदा धरू नका. मिस्त्रीला सगळे पैसे आधी देऊ नका. काम संपले की नाण्याने किंवा काठीने प्रत्येक टाइल ठोकून पाहा, पोकळ वाजली तर तिथल्या तिथे बदलून घ्या, मगच शेवटचा हप्ता द्या.

आणि सगळ्यांत आधी, घरातल्या जुन्या फरशीकडे एकदा नीट बघा. ती टाकून द्यायच्या लायकीची आहे, की नुसती मळली आहे?

मी निघाले त्या दिवशी आई पॉलिश केलेल्या मधल्या खोलीत तांदूळ निवडत बसली होती. भाची म्हणाली, "आत्या, बघ ना, पाहुण्यांना वाटेल हीच नवी आहे." आईने मान वर न करता विचारले, "मंग? जुनी शे का?"