ओल्या पावलाचा ठसा आणि भरतीचे बूट

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूरकडची पोरंपोरी पहाटे धावायला लागतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, आणि सेकंदासेकंदावर गुण. मग बुटांची चौकशी सुरू होते आणि मोबाईलवरचा एक सल्ला हमखास पुढे येतो: ओल्या तळव्याचा ठसा फरशीवर उमटवा, मधला भाग भरून उमटला तर पाय सपाट, म्हणजे पाऊल आत कलणार, म्हणून ते रोखणारा कडक बूट घ्या. ऐकायला शास्त्रशुद्ध वाटतं, पण त्यापायी जास्तीचे पैसे मोजणं मला पटत नाही. अमेरिकेच्या लष्कर, हवाई दल आणि मरीन कोअरमधल्या सात हजारांहून अधिक नव्या रिक्रूटांवर हे तपासून झालंय. काहींना तळव्याच्या आकारानुसार बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींत म्हणावा असा फरक पडला नाही. डेन्मार्कमध्ये 927 नवशिक्यांना सारखेच साधे बूट देऊन वर्षभर पाहिलं. 2014 च्या त्या अभ्यासात आत कलणाऱ्या पावलांना जादा धोका आढळला नाही. पाऊल टेकताना थोडं आत झुकतं, ते धक्का पचवण्यासाठीच. फरशीवरचा ठसा तर उभ्या पायाचा; धावताना तो पाय काय करतो, हे त्यातून कळणार कसं?

लक्झेंबर्गचा 2016 चा अभ्यास मात्र उलट बाजूचा आहे, आणि तो झाकून ठेवणं बरं नव्हे. तिथे 372 धावणाऱ्यांत कलणं रोखणाऱ्या बुटांनी दुखापती कमी झाल्या, विशेषतः ज्यांची पावलं आत कलतात त्यांच्या. तेव्हा ज्याचं पाऊल उघड आत पडतं आणि दुखणं पुन्हा पुन्हा उद्भवतं, त्यानं फिजिओथेरपिस्टला दाखवून असा बूट जरूर वापरून पाहावा. पण म्हणून प्रत्येक सपाट तळव्याला तो हवाच, असं ठरत नाही. इथे खरी भीती असते ती मेडिकलची. सैन्याच्या तपासणीतसुद्धा चवड्यावर उभं राहिल्यावर कमान दिसली, पाय लवचीक असला आणि दुखत नसला, तर सपाट तळवा चालतो. पाय ताठ असेल तर महागडा बूट तिथे कामाला येणार नाही. तपासणी अनवाणी पायाची होते.

नडगी दुखते त्यामागे बऱ्याचदा बुटापेक्षा घाई असते: महिनोन्‌महिने न धावलेला पाय जाहिरातीनंतर एकदम दोन वेळच्या सरावाला जुंपला जातो. त्यात उसाच्या कडेचे कच्चे रस्ते अंधारात बिबट्यामुळे टाळावेच लागतात (आणि टाळावेतच), मग सगळा सराव डांबरावर. आदिवासी पट्ट्यात पावसाळ्यात चिखल, तिथे सोलची पकड आधी बघावी लागते. बूट संध्याकाळी घ्यावा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. धावताना घालणार तेच मोजे घालून बघा. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, टाच मागे निसटता कामा नये. ‘वापरून सैल होईल’ हे दुकानदाराचं म्हणणं मानू नका. त्याची हरकत नसेल तर दुकानाबाहेर थोडं धावून बघा, आणि टोचला तर कितीही नामांकित कंपनीचा असो, खोक्यात परत ठेवा.