मांजर आपली जागा का सोडते?



गाई-म्हशींच्या आणि शेळ्यांच्या तक्रारी आपण नेहमीच पाहतो. आज पाळी मांजराची आहे. कणगीतल्या धान्याची बिनपगारी राखण करणारा हा जीव. पण घरात एकदा घाण करू लागला, की त्याची सारी चाकरी आपण विसरतो आणि पोते शोधू लागतो. पोत्यात घालायचे आणि ओढ्यापलीकडे सोडून यायचे, हा आपल्याकडचा जुना इलाज. तो करण्याआधी आजचा मजकूर वाचावा, एवढीच विनंती. कारण काही वर्षांपूर्वी माझ्याच सल्ल्यामुळे एक मांजर मरता मरता वाचले.

माझी भाची मुंबईला काळाचौकीत असते. तिचे सासरे गिरणी कामगार. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची आपली कितीतरी माणसे लालबाग-परळच्या गिरण्यांत राबली. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, त्यात हजारोंचे काम कायमचे गेले, पण खोली धरून अनेक कुटुंबे तिथेच राहिली. भाचीचे घरही आधी चाळीत होते. चाळीतल्या मांजराचे काही अडत नसे. दार उघडे, पुढे गॅलरी, खाली अंगण आणि कुठेतरी मातीचा नाही तर रेतीचा ढीग. आता चाळीच्या जागी उंच इमारत झाली. घर बाराव्या मजल्यावर आणि दार सदा बंद. म्हणून गावाहून नेलेल्या मन्या बोक्यासाठी भाचीने खिडकीखालच्या कोपऱ्यात वाळू भरलेले घमेले ठेवले. दोन वर्षांत मन्या एक दिवस चुकला नाही.

मग गणपती आले. त्या दिवसांत लालबाग-काळाचौकी म्हणजे माणसांचा पूर. दर्शनासाठी गावाहून आम्ही सात माणसे भाचीकडे उतरलो. निजायला जागा हवी म्हणून घमेले उचलून न्हाणीघरात, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी ठेवले. पाहुण्यांना वास नको म्हणून ते रोज फिनेलने धुतले. न्हाणीघराचे दार अर्धा वेळ बंद. बाहेर ढोल-ताशे, आत अनोळखी माणसे. तिसऱ्या दिवशी मन्याने माझ्याच वाकळेवर लघवी केली.

जावईबापू संतापले. मी मोठेपणाने सांगितले, “नाक घासा त्यात आणि द्या दोन फटके. पुन्हा करायचा नाही.” आपल्याकडे हेच करतात. त्याला दोन फटके बसलेही. दुसऱ्या दिवशी त्याने पलंगावर केले. आम्ही गावी परतलो, तेव्हा त्याला मासळीबाजारात सोडून यायचे घाटत होते.

दोन दिवसांनी दुपारी भाचीचा फोन आला. “मामा, मन्या सारखा मोरीत जाऊन बसतोय. ओरडतो, जोर करतो, पण थेंबभरसुद्धा होत नाही. खाणंही सोडलंय.”

माझ्या काळजात धस्स झाले. वाचकहो, आपल्यातल्या ज्यांनी बैल राखला आहे, त्यांनी हे चित्र पाहिलेले असते. मूतखड्याने बैलाचे मूत तुंबले की तो असाच पाय ताणून उभा राहतो, कुंथतो, वैरणीला तोंड लावत नाही. तेव्हा आपण डॉक्टरांना बोलवायला रात्र म्हणत नाही की पाऊस म्हणत नाही. बैलाचे जे कळले, ते बोक्याचे मला कळले नव्हते. मी म्हणालो, “अगं पोरी, हातातलं काम टाक आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने.”

परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे रुग्णालय तिच्या घरापासून जवळच. 1886 साली निघालेले पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळलाच. टोपलीत घालून तिने मन्याला तिकडे नेले. मूत्रमार्ग चिकट गाळाने बंद झाला होता. डॉक्टरांनी गुंगी देऊन बारीक नळी घातली, तुंबलेली लघवी काढली, सलाईन लावले. मन्या वाचला. आणखी एक दिवस गेला असता तर वाचला नसता.

म्हणून पहिली गोष्ट गाठ मारून ठेवा. सवयीचे मांजर अचानक जागा सोडते, तेव्हा आधी दुखणे समजावे, खोडी नंतर. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. लघवीतले खडे, चिकट गाळ किंवा मार्गाला आलेली सूज यांनी तो बंद होतो. मग शरीरातले विष बाहेर पडत नाही, रक्तात पोटॅशियम वाढते आणि हृदय थांबते. हा सारा खेळ एक ते तीन दिवसांचा. बोका वारंवार बसतो, ओरडतो, मागचा भाग सारखा चाटतो आणि लघवी होत नाही, असे दिसले तर उद्याची वाट पाहू नये. घरातली तापाची गोळीही देऊ नये. माणसाला चालणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे.

भाटीचा मार्ग रुंद असतो, त्यामुळे तो क्वचितच बंद होतो, पण मूत्राशयाची सूज तिलाही येते. म्हातारे मांजर फार पाणी पिऊन फार लघवी करू लागले तर मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असू शकतो. सांधे धरलेल्या मांजराला घमेल्याची उंच कड ओलांडवत नाही. बद्धकोष्ठ आणि जुलाब यांनीही जागा चुकते. यातले काही आहे का, हे डॉक्टरांना तपासू द्यावे.

मूत्राशयाच्या सुजेत बऱ्याचदा जंतूंचा काहीच संबंध नसतो. भीती आणि घरातली उलथापालथ यांनीच ती उसळते. पाणी कमी पिणे हे त्याला मिळालेले दुसरे कारण. मन्याच्या बाबतीत ती उलथापालथ आम्हीच घेऊन गेलो होतो.

आता मांजराचा मूळ स्वभाव पाहू. आपल्या मांजराचे पूर्वज पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातली रानमांजरे. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, धान्याला उंदीर आले आणि उंदरांमागून मांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्याशेजारी मांजर पुरलेले सापडले आहे. म्हणजे हा जीव शेतकऱ्याचाच जुना सोबती. कोरड्या मुलखातला असल्यामुळे तो पाणी कमी पितो आणि मोकळी, भुसभुशीत माती उकरून, करून, झाकून टाकतो. हे त्याला कोणी शिकवत नाही. त्याला फक्त माती मिळाली पाहिजे आणि तिथे निर्धास्त बसता आले पाहिजे.

चाळीत राहिलेल्या माणसाला हे पटकन समजेल. सामाईक संडास तुंबलेला असला, कडी नसली, बाहेर कोणी दार ठोठावत असले, तर आपणही पाऊल मागे घेतो. आपण निदान बोलून दाखवतो. मांजर फक्त दुसरी जागा शोधते. गोधडी मऊ असते, कोरडी असते, उकरता येते. त्याच्या हिशेबी ती मातीच्या जवळची. त्यात सूड नाही की उर्मटपणा नाही.

मारण्याने काय होते, हेही ऐका. मांजराला फटका आणि लघवी यांचा संबंध कळत नाही. कळते ते एवढेच, की हा माणूस धोक्याचा. मग ते लपून, कपाटामागे, पलंगाखाली करू लागते आणि भीतीने दुखणे वाढते. माझ्या दोन फटक्यांनी तेच केले.

दवाखान्यातून आल्यावरही मन्या घमेल्याकडे फिरकेना. लघवी साफ होत होती, तरी जागा कोपऱ्यातच. असे का? घमेल्यात बसले की कळ येते, एवढे त्याने मनात धरले होते. म्हणून घमेलेच बदलावे लागले. भाचीने जे केले, ते कोणालाही करता येण्यासारखे आहे.

घमेले नवे आणि मोठे घ्यावे, नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत जेवढी लांबी, तिच्या दीडपट. म्हाताऱ्या मांजराला एका बाजूची कड ठेंगणी हवी. आत तीन-चार बोटे जाडीची बारीक, कोरडी, बिनवासाची वाळू घालावी. मांजराची आवड कळत नसेल तर दोन घमेली शेजारी ठेवावीत, एकात वाळू, एकात चाळलेली माती. ते स्वतःच निवड करते. एका मांजराला दोन घमेली, दोघांना तीन, हा हिशेब जागा असेल तिथे पाळावा. जागा शांत असावी, खाण्याच्या ताटलीपासून दूर, आणि निसटायला वाट असलेली. घमेले हलवायचे झाले तर रोज हातभर हलवावे, एकदम नाही.

घाण दिवसातून दोनदा उचलावी. आठवड्याने वाळू बदलून घमेले साबण आणि गरम पाण्याने धुवावे. फिनेल नको. त्याचा उग्र वास मांजराला पळवतो आणि त्यातली रसायने त्याच्या यकृताला पचत नाहीत. चुकलेली जागाही नीट धुवावी, अंथरूण कडक उन्हात वाळवावे. वास राहिला तर मांजर पुन्हा तिथेच येते. एन्झाइमचे द्रावण मिळाले तर वास मुळातून जातो. जागा कोरडी झाल्यावर तिथे काही दिवस मांजराची खाण्याची ताटली मांडावी. खायच्या जागी मांजर सहसा घाण करत नाही. कोरड्या खाण्यात पाणी मिसळावे आणि पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत. मन्या पंधरा दिवसांत घमेल्यावर परतला.

एक फरक मात्र ओळखावा. वयात आलेला बोका उभ्यानेच, शेपटी थरथरवत भिंतीवर धार मारतो, ती हद्द आखण्यासाठी. त्याला घमेल्याचा इलाज नाही. नसबंदी केल्यावर बहुतेक बोक्यांची ही सवय जाते.

घरात गर्भवती असेल तर तिने घमेल्याला हात लावू नये. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची बाधा पोटातल्या बाळाला होऊ शकते. घमेल्यातली माती भाजीच्या वाफ्यातही टाकू नये.

आणि हे सगळे मुंबईपुरतेच आहे, असे समजू नका. गावोगाव आता परसात फरशी बसते, अंगणात सिमेंट होते. आपल्या पायाचा चिखल गेला, पण मांजराची मातीही गेली. मग ते कणगीत नाही तर भुशाच्या खोलीत बसले, की आपण म्हणतो, मांजर बिघडले. परसाच्या एका कोपऱ्यात दोन पाट्या माती आडोशाला मोकळी ठेवा. पावसाळ्यात तिच्यावर पत्र्याचा तुकडा टाका. एवढ्यावर बऱ्याच घरांतली तक्रार मिटेल.

त्यानंतर मी भाचीकडे गेलो, तेव्हा खिडकीखालचा कोपरा मन्याचाच होता आणि मी बाहेरच्या खोलीत आखडून झोपलो. रात्री तो येऊन माझ्या वाकळेवर निजला. सकाळी वाकळ कोरडी होती.